माल्ट लागतोय का?

मस्कतमध्ये ऐन जून महिन्यात माकडटोपी घालून झोपणारा माणूस मी एकच पाहिला. बाहेर पंचेचाळीस अंश, रुवीच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि हे आपले स्वेटर, पायमोजे आणि माकडटोपी चढवून पलंगावर पडलेले. खोलीतला एसी स्वतः खोलून, त्याच्या पोटात काहीबाही उलाढाली करून त्यांनी तो सोळा अंशांवर आणून ठेवला होता. पलंगाशेजारी जमिनीवर ओल्या धोतरात बांधलेलं बार्लीचं गाठोडं असायचं.

"गारवा माझ्यासाठी नाही गड्या," ते म्हणायचे, "बाळंतिणीसाठी आहे."

बाळंतीण म्हणजे ती बार्ली. तिला मोड येत असायचे.

आम्ही दोघं मस्कतच्या गाला नावाच्या भागातल्या एका कंपनीत होतो. मोठाले एसी, चिलर, मासळीची कोल्ड स्टोरेज, असल्या गार करणाऱ्या सगळ्या यंत्रांची दुरुस्ती हा कंपनीचा धंदा. ते तिथले हेड टेक्निशियन आणि मी स्पेअर पार्ट्सचा स्टोअरकीपर. कंपनीने रुवीत दिलेल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही आठ वर्षं एकत्र काढली. ते कराडकडचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना भाऊ म्हणत असे. खरं नाव सांगत नाही, कारण वहिनींना ते आवडणार नाही.

भाऊंच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, थर्मामीटर असे. चहा आला की आधी तो कपात बुडायचा. साठ अंशांच्या वर असेल तर ते कप बाजूला ठेवून वाट पाहत, आणि पंचावन्नच्या खाली गेला तर परत पाठवत. एकदा अर्बाबने, म्हणजे आमच्या ओमानी मालकाने, आपल्या घरी जेवायला बोलावलं तेव्हा ह्यांनी अख्ख्या बकऱ्याच्या मांडीत थर्मामीटर खुपसला. मी लाजेने अर्धा झालो. अर्बाब मात्र इतका हसला की पुढे प्रत्येक पाहुण्याला तो ही गोष्ट सांगायचा. "माणूस खोटं बोलतो गड्या, काटा बोलत नाही," हे भाऊंचं वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकत असे.

हे सगळं मी इतकी वर्षं हसत हसत सांगत आलो. मित्रमंडळी जमली की फर्माईश व्हायची, भाऊंची गोष्ट सांगा. अलीकडे मात्र सांगता सांगता मी मध्येच थांबतो. आपण नक्की कशाला हसतोय, हे मला कळेनासं होतं.

बिअरचं खूळ त्यांच्या डोक्यात घातलं ते एका इंग्रज इंजिनियरने. हा आमच्याच कंपनीत दोन वर्षं होता आणि घरच्या घरी ब्राउन एल नावाची तपकिरी बिअर करायचा. भाऊंनी त्याच्या घरचा फ्रीझर दुरुस्त केला, त्याबद्दल त्याने एक ग्लास पुढे केला. भाऊ काही पिणाऱ्यातले नव्हते. लग्नकार्यातसुद्धा ते सरबतावर भागवत. पण त्या ग्लासातून त्यांना, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "भाकरीच्या पापुद्र्याचा वास" आला. परदेशात सात वर्षं काढलेल्या माणसाला बाटलीतून भाकरीचा वास आला, तर त्याचं काय होणार?

साहेब देश सोडून गेला तेव्हा मागे एक प्लॅस्टिकचा पिंप, हॉप्सची म्हणजे बिअरला कडूपणा आणणाऱ्या फुलांची दोन पाकिटं, बरणीत थोडं यीस्ट आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली कृती एवढं भाऊंना देऊन गेला. कृतीत पहिलाच शब्द होता माल्ट. मस्कतमध्ये माल्ट कुठे मिळणार? तो आणून विकणारं कुणी असतं तर आधी तुरुंगात गेलं असतं. पण माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, एवढं साहेबाने समजावलं होतं, आणि मोड म्हटल्यावर मराठी माणूस घाबरत नाही.

बार्ली मिळायची मत्रहच्या बाजारामागे, जनावरांच्या खाद्याच्या दुकानात. अरबी भाषेत तिला शईर म्हणतात. दुकानदार एक म्हातारा ओमानी होता. पांढरीशुभ्र दाढी, डोक्याला गुंडाळलेला मसर. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "कितना बक्री?"

भाऊंच्या तोंडून निघून गेलं, "अकरा."

झालं. तेव्हापासून दर खेपेला त्या अकरा शेळ्यांची विचारपूस सुरू झाली. भाऊंनीही त्यांना नावं देऊन टाकली. एक काँप्रेसर, एक कंडेन्सर, एक ब्लोअर. "कंडेन्सर गाभण आहे," असं ते गंभीर चेहऱ्याने सांगत आणि म्हातारा तिच्यासाठी मूठभर जास्तीची बार्ली टाकी. मी मागे उभा राहून ओठ चावत असे. मग ईद आली. म्हातारा म्हणाला, एक शेळी मला विकत दे. भाऊ गडबडले आणि म्हणाले, कंडेन्सर गेली. म्हाताऱ्याने दोन्ही हात वर करून तिथल्या तिथे दुआ केली.

परतताना टॅक्सीत भाऊंनी बार्लीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवून दिली. घरी आल्यावर म्हणाले, "लबाडी झाली गड्या. त्यानं मेलेल्या शेळीसाठी देवाला हाक मारली, आणि शेळी नाहीच."

दुसऱ्या शुक्रवारी ओमानी हलव्याचा डबा घेऊन ते एकटे म्हाताऱ्याकडे गेले आणि शेळ्या नाहीत हे कबूल करून आले. म्हातारा म्हणे हसला. म्हणाला, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शेळीवाला माणूस बार्ली स्वस्त आहे का विचारतो, मोड येतील का विचारत नाही.

भाऊ असे होते. नसलेल्या शेळीबद्दलचं खोटं त्यांना आठवडाभर झोपू देईना. त्यांच्या शेजारच्या खोलीत मी राहत होतो, आणि मी कसा होतो ते आता सांगतो.

पहिला घाणा साफ फसला. फसला तो आपल्या एका संस्कारामुळे. धान्य हातात आलं की ते खमंग भाजायचं, हे आपल्या हाडात बसलेलं असतं. भाऊंनी मोड आलेली सगळीच्या सगळी बार्ली कढईत तांबूस होईपर्यंत भाजली. फ्लॅटभर दिवाळीच्या भाजणीचा घमघमाट सुटला. मग ती भरडून साहेबाच्या कृतीप्रमाणे पासष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवली. पाणी गोड व्हायला हवं होतं, ते झालं नाही. नुसती राखाडी पेज तयार झाली.

शुक्रवारी सकाळी आम्ही खालच्या बूथवरून कार्ड घालून घरी फोन करत असू. वहिनी गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. वर्गावर ओरडून ओरडून आवाज असा झालेला की रिसीव्हरबाहेर उभ्या असलेल्या मलाही सगळं ऐकू यायचं.

"अगं, सगळं केलं, पण गोडी लागत नाही," भाऊ म्हणाले.

"लागत नाही ना? मग चांगलंच की! ढवळत राहिलात म्हणून नाही लागलं बुडाला."

"बुडाला नव्हे गं. जिभेला लागत नाही."

"भाजलंत किती?"

"खमंग."

"अहो, मोडाचं धान्य कुणी खमंग भाजतं होय? मोड मरतो ना! नाचणीचं सत्त्व करताना बघितलंय ना मला? मोड दाण्याएवढा झाला की उन्हात वाळवायचं, आणि कढईत नुसता हात फिरवायचा. रंग बदलता कामा नये."

वहिनींची समजूत अशी, की नवरा परमुलुखात बार्लीचं सत्त्व करून खातोय. त्यांनी गल्लीभर सांगितलंही होतं, आमचे हे तब्येतीला फार जपतात. भाऊंनी ती समजूत दुरुस्त केली नाही. शेळ्यांसारखी ही लबाडी त्यांना का टोचली नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "ती खूश आहे रे."

मग ते इरेला पेटले. मोड आलेल्या बार्लीचा मोठा वाटा ते गच्चीवर चादरींवर नुसता वाळवत आणि कबुतरं हाकायला छत्री घेऊन बसत. लहान वाटा हलका भाजत. तिसरा वाटा ओलाच डब्यात झाकून गरम पाण्यात ठेवत, म्हणजे दाण्याच्या आतच साखर होई, आणि मग तो वाळवून भाजला की दाणा फोडल्यावर आत काकवीचा रंग दिसे. साहेबाच्या कृतीत किलोभर साखर होती. ती भाऊंनी दर खेपेला कमी करत आणली आणि तेवढा माल्ट वाढवला. "साखरेनं चढते, माल्टनं लागते," असा त्यांचा सिद्धांत होता. पाण्याचं तापमान पासष्टवरून सहासष्ट, सदुसष्ट करत अडुसष्टवर नेलं, कारण तेवढ्याला बिअर जाडसर आणि गोडसर उतरते. एका अंशासाठी एक घाणा, म्हणजे वाट पाहणं धरून तीन-चार महिने. कुठेही घाई नाही.

हे सगळं एका वहीत लिहिलेलं असे. घाण्याचा क्रमांक, तारीख, वजनं, अंश, तास. आणि शेवटचा रकाना: अभिप्राय. तो माझा.

कारण भाऊंचा स्वतःच्या जिभेवर विश्वास नव्हता. "आपलं पोर आपल्याला गोरंच दिसतं," ते म्हणत. गुरुवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशीची सुट्टी डोळ्यांसमोर ठेवून, बाल्कनीत बाटली उघडली जाई. मला पहिला ग्लास देऊन भाऊ माझ्याकडे पाठ करून उभे राहत. त्यांचा चेहरा पाहून माझं मत बदलू नये म्हणून. पाठमोरेच विचारत, "माल्ट लागतोय का?"

मी म्हणत असे, "छान झालंय."

मी अशा घरात वाढलो, जिथे ताटातल्या पदार्थाला नाव ठेवलं तर आई ताट उचलून न्यायची. करणाऱ्याने राबून केलेलं असतं, आपण छान म्हणावं आणि गिळावं. पाहुण्याकडे खारट आमटी दोनदा मागून घेणारी आम्ही माणसं. पहिला घाणा पेजेसारखा होता, तेव्हा मी "वेगळं आहे" म्हणालो. माझ्या परीने ती भयंकर टीका होती. दुसऱ्यापासून मी छानवर आलो आणि छानवरच राहिलो.

एकदा मात्र ते खरं होतं. नववा घाणा. भाऊंनी बाटली उघडली आणि खालच्या मजल्यावरून आमच्या कंपनीचे ड्रायव्हर चाचा ओरडले. चाचा राजापूरकडचे, पाच वेळचे नमाजी, ह्या प्रकरणाकडे काणाडोळा करणारे. "काय वो, वर खारीची बेकरी काढलीत काय?" मी घोट घेतला. भाजलेल्या पावाची कड, थोडा गूळ, आणि शेवटी जरासा कडसर. माझ्या अंगावर काटा आला. मी छान म्हणालो, आणि त्या दिवशी मला दुसरा शब्द हवासा वाटला, पण सगळे शब्द मी आधीच वापरून टाकले होते. भाऊंनी आपला ग्लास नाकाशी धरून डोळे मिटले. मग म्हणाले, "हाच तो." त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या.

तिथे थांबायला हवं होतं. थांबले नाहीत.

दहाव्याला म्हणाले, "गेल्या खेपेपेक्षा कमी वाटतोय रे माल्ट." मला तो जरा जास्तच गोड वाटला होता. मी छान म्हणालो. अकराव्याला त्यांनी भाजलेला वाटा दुप्पट केला, बाराव्याला तिप्पट. बिअर तपकिरीची काळी झाली. जिभेवर करपलेल्या दुधाची चव राहायची आणि घसा धरायचा. भाऊ ग्लास नाकाशी नेऊन कपाळाला आठ्या घालत. "काहीच नाही गड्या. नुसतं पाणी." मग पाठ फिरवून, "तुला लागतोय?"

"लागतोय की. छान आहे."

"तुझी जीभ चांगली आहे," ते म्हणत आणि वहीत छान लिहीत. ते आत गेले की मी ग्लास मोरीत रिकामा करत असे. असं एकदा नाही, दहा-बारा घाणे. साडेतीन-चार वर्षं. भीड होती, हे खरं. पण आळसही होता. वाईट म्हटलं असतं तर दोन तास चर्चा झाली असती, आणि मला टीव्हीवर क्रिकेट बघायचं असे. हे लिहिताना मला माझी शिसारी येते.

एका शुक्रवारी दुपारी मी झोपलो होतो. दार धडाधडा वाजलं. चाचा जिना चढून धापा टाकत आत घुसले. "गॅस सुटलाय वो! जिन्यापर्यंत वास येतोय. नाकं हायत का काय तुम्हाला?" स्वयंपाकघरात बिअरचं पातेलं उतू जाऊन खालची शेगडी विझली होती, गॅस भसाभसा येत होता, आणि भाऊ तिच्यासमोर स्टुलावर बसून थर्मामीटर न्याहाळत होते. "तापमान का पडतंय कळेना," ते शांतपणे म्हणाले.

चाचांनी खिडक्या उघडल्या. मी कपाळाला हात लावून हसत सुटलो. कंपनीत आठवडाभर विनोद चालला: जन्म गॅस भरण्यात गेला, आणि गॅसचाच वास येईना. चाचा मात्र हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्यांचं नाक कुणाला तरी दाखवा. माणसाला गॅस कळत नाय म्हणजे काय?"

मी म्हणालो, "चाचा, भाऊ आहेत ते. त्यांचं सगळंच उलटं."

ह्या एका वाक्याखाली मी पुढची दोन वर्षं सगळं झाकलं. सोहारला एका कारखान्यात चिलरच्या तपासणीला मोठी माणसं आली होती. भाऊ सगळ्यांच्या देखत मीटिंगच्या टेबलावर आडवे झाले आणि घोरू लागले. आम्ही म्हणालो, अवलिया माणूस. शुक्रवारचा फोन विसरू लागले. वहिनींनी माझ्या गावाकडच्या घरी फोन करून निरोप ठेवला. मी म्हणालो, रमलेत माल्टमध्ये. पायजम्यावर कामावर आले. अर्बाब हसला, सगळे हसले, मी सर्वांत जोरात. आपल्याकडे एखाद्या माणसाला एकदा विक्षिप्त ठरवलं की त्याचं दुखणंसुद्धा आपण गंमत म्हणून वाटून घेतो.

मग त्यांना मीटरवरचा काटा दिसेना. दोनदा चष्मा बदलला. तिसऱ्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरने मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. मी बरोबर होतो. तिथला डॉक्टर केरळचा, शांत माणूस. त्याने मेंदूचे फोटो पाहिले आणि विचारलं, "स्मेल कबसे नहीं आता?"

"आता है ना," भाऊ म्हणाले.

डॉक्टरने त्यांना डोळे मिटायला सांगितले. खणातून कॉफीची बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्यांच्या नाकाखाली धरली. चार हातांवर बसलेल्या मला वास आला. भाऊ वाट पाहत राहिले. "कुछ लाये क्या?" त्यांनी विचारलं. मग साबण. मग लवंगेच्या तेलाचा बोळा. भाऊंनी डोळे उघडले, समोरच्या तीन वस्तू पाहिल्या आणि माझ्याकडे वळून हसले.

"गड्या, रिकामीच आहे की टाकी."

मेंदूच्या पुढच्या भागात, नाकाच्या बरोबर वर, गाठ होती. साधीच गाठ, कॅन्सर नव्हे. पण वर्षानुवर्षं सावकाश वाढणारी. आधी ती वास खाते, मग स्वभाव खाते, मग डोळे. डॉक्टरने मला विचारलं, तुम्ही एकत्र जेवता-खाता, ह्यांना चव-वास कळत नाही असं कधी जाणवलं नाही का?

मी म्हणालो, "नाही."

भाऊंना ऑपरेशनसाठी पुण्याला पाठवलं. विमानतळावर सोडायला अर्बाब स्वतः आला आणि त्यांना मिठी मारून रडला. चाचांनी डोक्यावरून हात फिरवून काहीतरी पुटपुटलं. फ्लॅटवर परत येऊन मी उरलेल्या बाटल्या मोरीत ओतल्या. गेली कित्येक वर्षं हेच तर करत आलो होतो, त्यामुळे हाताला सवय होती.

सहा महिन्यांनी सुट्टीवर आलो आणि कराडला गेलो. भाऊ ओसरीवर खुर्चीत बसले होते. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, पण डोळे उशीर झाल्यामुळे वाचले नाहीत. एकाने अंधूक उजेड कळे, एवढंच. स्वभाव बराच मूळपदावर आला होता. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं, माझे दोन्ही हात धरले आणि म्हातारा शईरवाला कसा आहे, हे आधी विचारलं. वहिनींनी चहा आणला. भाऊंनी बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाले, "पन्नास असेल." सवयीने मला हसू आलं.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, सामानात ह्यांची वही आली. मी वाचून दाखवते ह्यांना रोज. पण मला सांगा, एवढं सत्त्व तुमच्यात खात कोण होतं?"

मी भाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, "बिअर होती ती. सांगून टाक आता."

"म्हणजे मी इतकी वर्षं फोनवरून दारू गाळायला शिकवली?" असं म्हणून वहिनी हसल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग साध्याच सुरात म्हणाल्या, "पुण्याचे डॉक्टर म्हणाले, वास तीन-चार वर्षांपूर्वीच गेला असणार. तेव्हा कळलं असतं तर डोळे राहिले असते. तुम्ही तरी काय करणार म्हणा. दुसऱ्याच्या नाकातलं आपल्याला कसं कळावं?"

त्या मला सोडवत होत्या. मी त्या वाक्यात गुपचूप शिरून बसलो असतो तर कुणालाही काही कळलं नसतं. पण भाऊ पुढे म्हणाले, "ह्यानं मात्र साथ दिली. मला वाटायचं बिघडतंय, पण हा होता म्हणून धीर होता. वीस-बावीस घाणे झाले, एकदा खोटं बोलला नाही."

"भाऊ," मी म्हणालो, "ते शेरे खोटे आहेत."

माझा आवाज मलाच ओळखू येईना. वहिनी कप उचलता उचलता थांबल्या. भाऊंनी मान तिरकी केली, एखादं मशीन वेगळा आवाज करतंय का ते ऐकताना करायचे तशी. ते चिडतील, निदान गप्प होतील, असं मला वाटलं होतं.

"कितवे?" त्यांनी विचारलं.

"बरेच."

"असं नाही चालत. गळती शोधताना अंदाजानं नाही चालत. एकेक जॉइंट घ्यायचा, फेस लावायचा, बुडबुडा येतो का बघायचं. ए, वही आण. आणि तुझं लाल पेन."

वहिनी वही घेऊन बसल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगत गेलो आणि त्या शाळेतल्या अक्षरात माझे छान खोडून वर खरं लिहीत गेल्या. पहिला, पेज. दुसरा, आंबट. चौथा, पांचट. सातवा बरा. आठवा चांगला, पण पातळ. भाऊ प्रत्येकाला मान हलवत होते. त्यांचा चेहरा उजळत चालला होता. इतक्या वर्षांत कुणी त्यांना कामाची माहिती दिली नव्हती.

"नववा?"

"नववा खरोखर छान होता भाऊ. ते खोडू नका."

"मला माहीत आहे. मला आला होता तो. दहावा?"

"जरा गोड. माल्ट भरपूर होता."

"मला कमी वाटला होता," ते हळू म्हणाले. "अकरावा?"

"करपलेला. मी मोरीत ओतला."

"आणि मला पाणी लागलं होतं." भाऊंनी मांडीवर थाप मारली. "सापडलं! दहाव्याला झिरपायला लागलं आणि अकराव्याला जॉइंट सुटला. तारीख काय आहे गं अकराव्याची?"

वहिनींनी तारीख वाचली. एप्रिलअखेरची होती. वर्ष वाचताना त्यांचा आवाज बारीक झाला. चार वर्षांपूर्वीचं.

भाऊ खूश होते. हरवलेली किल्ली सापडावी तसे खूश. मला मात्र खुर्चीत बसवेना. मी म्हणालो, "वहिनी, मी तेव्हाच बोललो असतो तर..."

वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांचं बोट त्या तारखेवर होतं.

"त्या मेमध्ये हे इथं होते," त्या म्हणाल्या. "महिनाभर. मी आंबेमोहोर शिजवला होता. हे म्हणाले, तांदळाला वासच नाही. मी वाण्याच्या दुकानात जाऊन चार माणसांत भांडले. पोतं परत करायला लावलं त्याला. तो बिचारा शपथा घेत होता."

समोरच्या रस्त्यावरून शाळा सुटलेल्या मुली दंगा करत गेल्या.

"चला, पुढचा घ्या," भाऊ म्हणाले. "बारावा?"

वहिनींनी पेनचं टोपण पुन्हा काढलं.

"करपलेला," मी म्हणालो, आणि त्यांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.